काळा दस्ता एक

माझ्या सासरी एक रिव्हॉल्वर होतं. सगळ्या गावाला त्याचा धाक आहे असं माझे सासरे सांगत, आणि मामंजी जे सांगत ते आमच्या घरात खरं असे. गाव भूमपासून दोन कोसांवर. गावाला धाक किती होता हे मला कधी कळलं नाही, पण माहिती मात्र सगळ्यांना होती. कारण दरवर्षी दसऱ्याला ते रिव्हॉल्वर मामंजींच्या कमरेला लागून सीमोल्लंघनाला जाई, आपट्याची पानं लुटली जाईपर्यंत तिथं थांबे आणि दिवेलागणीच्या आत घरी परत येई. एवढंच त्याचं वर्षभराचं काम.

ते उडालं होतं एकदाच. वेशीत पिसाळलेलं कुत्रं शिरलं म्हणून मामंजींनी बार काढला. कुत्रं पळालं आणि गोळी लिंबाच्या खोडात गेली. खोडावरचं ते भोक आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवलं जाई. लग्न होऊन आले तेव्हा मलाही देवदर्शनानंतर तिकडं नेलं होतं. कुत्रं मुळात पिसाळलेलं नव्हतंच आणि पुढं म्हातारं होऊन मेलं, हे मला नंतर शेजारणीनं सांगितलं. निजामाच्या शेवटच्या वर्षी, म्हणजे जेव्हा खरोखर एखाद्या रिव्हॉल्वरचा उपयोग झाला असता, तेव्हा ते ज्वारीच्या पेवात जमिनीखाली होतं. ‘जपून ठिवलं’ असं मामंजी म्हणत. जपण्यात आमच्या घराचा हात कुणी धरला नसता.

रिव्हॉल्वर मामंजींच्या वडलांपासूनचं. त्यामुळं त्याची पूजाही दोन पिढ्यांची. खंडेनवमीला पाटावर विळे, कोयता, नांगराचा फाळ आणि मध्ये हे महाराज. रिव्हॉल्वरच्या लोखंडाला हळदकुंकू लावलं तर गंज चढतो असं कुणीतरी केव्हातरी सांगितलेलं, म्हणून गंध, हळद, कुंकू, तुपाचं बोट, जे काय असेल ते सगळं लाकडी मुठीला. दुसऱ्या दिवशी पुसायची पद्धत नाही, देवाचं आहे म्हणून. मी आले तोवर ती मूठ अशी काळीकुट्ट आणि बुळबुळीत झाली होती की ती लाकडाची आहे हे ऐकूनच माहीत. मला घाण दिसली की हात शिवशिवतात, पण नवी सून म्हणून मी चार वर्षं गप्प बसले. ही माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब गप्प बसण्याची मुदत आहे.

आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि कचेऱ्यांतली उर्दू दप्तरं मराठीत करायचं काम निघालं. जिल्ह्याच्या गावाला कागदावर उस्मानाबाद म्हणायचं आणि तोंडानं धाराशिव, हे आम्हाला सवयीचं होतं. आता कागदाची भाषाच बदलली. त्यात मामंजींच्या परवान्याचीही पाळी आली. एक दिवस कचेरीचं पत्र आलं. ‘आपलेकडील रिव्हॉल्वर एक, सोबत काळा दस्ता एक, तपासणीकामी समक्ष हजर करावे. शस्त्रावरील नंबर स्पष्ट वाचता यावा. कसूर झाल्यास शस्त्र जमा करण्यात येईल.’

यजमानांनी पत्र दोनदा मोठ्यानं वाचलं. रिव्हॉल्वर होतं. नंबर असेल कुठंतरी. पण काळा दस्ता?

“दस्ता म्हंजे चोवीस कागद, आबा,” यजमान म्हणाले. आमचे हे सातवीपर्यंत शिकलेले, त्यामुळं शंका घ्यायला जागा नव्हती.

“पिस्तुलाला कागद कशाला?” मामंजींनी विचारलं.

“सरकारचं काय सांगावं. नवं राज्य हाय.”

दोन दिवस घरातल्या पेट्या उपसल्या गेल्या. जुन्या खतपत्रांत काही काळं मिळतंय का ते पाहिलं. वाळवी लागलेलं एक बाड मिळालं, पण त्यात कागद किती हे वाळवीलाच ठाऊक. शेवटी बाजाराच्या दिवशी हे भूमला गेले आणि पतंगाच्या काळ्या कागदाचे मोजून चोवीस ताव घेऊन आले. मामंजींनी ते रुमालात नीट बांधून रिव्हॉल्वरशेजारी ठेवले. मग दोघंही सुटल्यासारखे दिसले.

माझं माहेर तुळजापूरचं. वडील शाळामास्तर. निजामाच्या शाळेत शिकल्यामुळं उर्दू मलाही येत होती. मामंजींना उर्दू बोलता यायची, वाचता मोडी यायची, आणि परवान्यावरचा शिक्का ओळखू यायचा. तोच शिक्का बघून इतकी वर्षं भागलं होतं. मी तो जुना परवाना मागून घेतला. त्यात लिहिलं होतं, ‘दस्ता चोबी, रंग सियाह.’

“मामंजी,” मी दाराआडून म्हणाले, “उर्दूत दस्ता म्हणजे मूठ. लाकडी मूठ, रंग काळा, असं आहे. मराठी करणाऱ्यानं दस्ता तसाच ठेवलाय. कागद लागत नाहीत.”

बाहेर रुमालाची गाठ सुटून कागद सळसळले. मग मामंजी म्हणाले, “पतंगाचे कागद कुनी आनले?” जसं काही घरात चार-पाच माणसं असली कारभार करत होती.

आता माझ्या स्वार्थाचं सांगते. धाराशिवला दिवाळीनंतर मास्तरणींच्या ट्रेनिंगचा वर्ग सुरू होणार होता. सातवी पास बायकांना घेणार होते. वडलांनी कोरा अर्ज माझ्याकडं पाठवला होता आणि त्यावर सासरच्या वडीलधाऱ्यांची संमतीची सही हवी होती. अर्ज महिनाभर माझ्या शिलाई मशीनच्या खणात पडून होता. यजमानांना विचारलं की ते म्हणत, “आबांना इचारतो.” आबा म्हणत, “बघू.” आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही, फक्त जरा घरंदाज. मला त्या वर्गाला जायचंच होतं. भाकरी थापता थापता मनात मी फळ्यावर अक्षरं काढत असे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं घरात कुणी नव्हतंही. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

नंबर कुठं आहे ते बापलेकांनी शोधून पाहिलं. मिळेना. यजमान म्हणाले, मुठीच्या खाली दबला असणार, आणि मूठ म्हणजे एकसंध असते, फोडल्याशिवाय निघत नाही. मुठीच्या मधोमध, कुंकवाच्या थराखाली, मला स्क्रूचा डोळा दिसत होता. म्हणून मी सौदा केला. मी नंबर काढून देईन, मामंजींनी अर्जावर सही द्यावी.

मामंजींनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. “पिस्तूल परवान्यावर चढू दे,” ते म्हणाले, “मग देतो सही. माझा शबुद हाय.”

रिव्हॉल्वर रिकामं आहे ना हे यजमानांनी पाहिलं. त्याआधी त्यांनी मला आत जायला सांगितलं आणि स्वतः तोंड भिंतीकडं केलं. काडतुसं मामंजींच्या पेटीत वेगळ्या डब्यात होती, कापराच्या वड्यांबरोबर. शिलाई मशीनबरोबर माहेरून आलेला एक छोटा पेचकस माझ्याकडं होता. त्यानं स्क्रू फिरवला, मूठ दोन फाकांत निघून हातात आली, आणि खालच्या लोखंडावर रॉकेलची चिंधी फिरवली की नंबर लख्ख. पाव तासाचं काम. तेव्हाच मूठ परत बसवून मी हात धुतले असते तर ही सगळी कथा इथंच संपली असती. पण त्या दोन काळ्या फाका माझ्या मांडीवर होत्या आणि चार वर्षं शिवशिवणारे हात माझेच होते.

रिव्हॉल्वर कारागिराकडं न्यायचं नाही, हे मलाही माहीत होतं. म्हणून बाजाराच्या दिवशी मी यजमानांबरोबर भूमला गेले. तिथं एक म्हातारे खरादी बसत, पाळण्याचे पाय आणि लाटणी करत. हे दहा पावलांवर उभे राहून बैल बघायला लागले. आम्हाला बैल घ्यायचा नव्हता.

“चाचा,” मी म्हणाले, “जुनं लाटणं आहे. तूप बसून बसून काळं झालंय. हळदकुंकू पण लागलंय. साफ कसं करू?”

चाचांनी खराद थांबवला. “बाई, लाटन्याला कुनी हळदकुंकू लावतंय व्हय?”

मी समोरचं एक लाटणं उचलून बघायला लागले.

“दस्ता कशाचा हाय ते मी इचारत न्हाय,” ते म्हणाले. “आइका. रिठ्याचं पानी, कोमट. कढत न्हाय. मऊ ब्रशनं. मग सावलीत वाळवा, उनात ठिवलं तर तडकंल. काचकागद घासलेला, जुना घ्या, आन् जिथं नक्षी आसंल तिथं तो लावूच नका. मग जवसाचं तेल. एक थेंब. तळव्यानं घासायचं, तळवा गरम झाला पायजे. पुसायचं. दुसऱ्या दिशी परत. घाई केली तर चिकट बसतंय.”

मी उठले तसे पुन्हा म्हणाले, “आन् आतल्या अंगाला हात लावू नका. लाकूड कुनाचं ते आतच लिवलेलं असतंय.”

मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, काहीतरी गूढ बोलायची हौस असेल.

दातांचा मऊ ब्रश घरात एकच होता, यजमानांचा. तो मी त्यांना न विचारता घेतला. रिठ्याच्या पाण्यात पहिल्यांदा लाल निघालं, मग पिवळं, मग परत लाल. एकेक दसरा सुटून येत होता. मध्येच एक करडा थर लागला, त्यात ज्वारीचा कोंडा होता. निजामाच्या शेवटच्या वर्षातली कामगिरी ती हीच. त्याच्याखाली पुन्हा लाल, पिवळं. आणि मग बारीक चौकड्यांची नक्षी वर आली. इतकी रेखीव की मला हसू आलं. मामंजींच्या वडलांनंतर ती कुणी पाहिलीच नव्हती.

तीन दिवस सावलीत. कडांना जुना काचकागद. मग रोज एक थेंब तेल, भांडी आवरल्यावर, दुपारी, तळव्यानं. माझे तळवे भाकरी थापून मजबूत होते, ते पहिल्यांदा कशाच्या तरी कामी आले असं वाटलं. सातव्या दिवशी लाकडाचा रंग उघडला. तांबूस, पिकल्या चिंचेसारखा, आतून काळसर रेघा गेलेला. मी मूठ बसवली, पुसली, आणि रिव्हॉल्वर रुमालावर ठेवून मामंजींसमोर नेलं.

त्यांनी ते हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. नक्षीवरून अंगठा फिरवला.

“हे आपलंच हाय का?” त्यांनी विचारलं.

त्या प्रश्नात पुढचं सगळं संकट होतं, पण मला ते कौतुक वाटलं.

तपासणीला बापलेक एस.टी.नं धाराशिवला गेले. मी मागं खणातून अर्ज काढला आणि नाव, गाव, शिक्षण असं सगळं सुवाच्य अक्षरात भरून ठेवलं. सहीची जागा तेवढी मोकळी. दोघं परत आले तेव्हा मामंजींच्या कमरेला काही नव्हतं. यजमानांच्या हातात एक पावती होती.

झालं होतं असं. कारकुनानं नंबर पाहिला, तो जुळला. मग मूठ पाहिली. परवान्यात काळी आणि समोर तांबडी. “शस्त्रात फेरफार झालाय,” तो म्हणाला. “मूठ कुणी बदलली? कोणत्या कारागिराकडं दिलं होतं? बिनपरवान्याच्या माणसाच्या हातात शस्त्र देणं गुन्हा आहे.” यावर घरातल्या सुनेनं साफ केली, एवढं सांगितलं असतं तर बोलणं पुढं सरकलं असतं. पण घरातल्या बाईनं पिस्तुलाला हात लावला हे कचेरीत, चार माणसांत, कसं सांगायचं? मामंजी गप्प राहिले. मामंजी गप्प म्हणून यजमान गप्प. कारकुनानं दोन गप्प माणसं बघितली, त्याची खात्री पटली, आणि रिव्हॉल्वर जमा झालं.

“तुजे हात लई चालतेत,” मामंजी एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “तुजा कागद तुज्यापाशीच ठिव.”

दसरा बारा दिवसांवर होता. मामंजी चावडीवर जायचे थांबले. कुणी हाक मारली तर अंगात कसर आहे म्हणून सांगत. निजाम गेला, त्याच्याबरोबर त्यांचा कचेरीतला मान गेला, लोक रस्त्यात वाट द्यायचे तेही हळूहळू कमी झालं, आणि वर्षातून एक संध्याकाळ कमरेला काहीतरी लावून गावाच्या पुढं चालायचं एवढं राहिलं होतं. ते मी धुऊन काढलं होतं. इतकी वर्षं मी मनातल्या मनात त्या रिव्हॉल्वरला हसले, पण ओसरीवर पाठमोरे बसलेले मामंजी पाहून मला खरंच वाईट वाटलं. आणि माझं फळ्यावरचं अक्षर गेलं, त्याचंही वाटलं. जास्त कशाचं, हे विचारू नका.

भांडी घासताना मला चाचांचं बोलणं आठवलं. लाकूड कुनाचं ते आतच लिवलेलं असतंय. फाका उलट्या वाळत होत्या तेव्हा आतल्या अंगावर काहीतरी फिकट खरडलेलं मी पाहिलं होतं. मी ते कारखान्यातल्या कुणाचा हिशेब समजून सोडून दिलं होतं.

“मला धाराशिवला न्या,” मी म्हणाले.

मामंजींनी पहिल्या दिवशी ऐकलं नाही असं केलं. दुसऱ्या दिवशी “आमच्या घरातली बाई कचेरीची पायरी चढली न्हाय” असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला फेटा बांधून ओसरीवर उभे राहिले आणि यजमानांना म्हणाले, “तिला म्हनावं, गाडी चुकंल.”

कचेरीत कारकुनानं विचारलं, “या कोण?” मामंजींनी खाली बघून सांगितलं, “सूनबाई.” पुढचं त्यांना बोलवेना. म्हणून मी बोलले. मूठ मी साफ केली, बदललेली नाही, शस्त्र समोर आणा, दाखवते. कारकून हसला. असल्या कामात बायका काय दाखवणार, असं त्याच्या चेहऱ्यावर अगदी सुवाच्य लिहिलेलं होतं. आतून साहेब बाहेर आले, काय आहे म्हणाले, आणि रिव्हॉल्वर आणायला लावलं.

मी बटव्यातून पेचकस काढला. कारकुनानं खुर्ची मागं घेतली. यजमानांनी सवयीनं तोंड भिंतीकडं केलं. तीन फेऱ्यांत स्क्रू निघाला आणि दोन फाका मी टेबलावर उलट्या ठेवल्या. उजव्या फाकेच्या आतल्या अंगावर पेन्सिलीनं नंबर लिहिलेला होता. बाहेरच्या देशातल्या कुठल्याशा कामगारानं लिहिलेला, फिका, पण स्पष्ट. लोखंडावरचा आणि तो, एकच.

“मूठ याच शस्त्राची आहे,” मी म्हणाले. “आणि शस्त्र आमच्याच घरचं आहे. आतली कड बघा.”

आतल्या कडेला, जिथं मी हात लावला नव्हता, तिथं काळसर लाल रेघ राहिली होती. साहेबांनी नखानं खरवडली आणि नाकाशी नेली.

“हळद?”

आता मामंजींना कंठ फुटला. “खंडेनवमीची, सायेब. आमच्या वडलांपासनं. आसलं कुंकू लावलेलं पिस्तूल जिल्ह्यात दुसरं आसंल तर दावा.”

साहेबांनी कारकुनाकडं पाहिलं. म्हणजे सरकारच्या दप्तरात इतकी वर्षं जो काळा रंग नोंदलेला होता तो घाणीचा होता. हे कुणी मोठ्यानं म्हणालं नाही. कारकुनानं नवा कागद ओढला आणि लिहिता लिहिता थांबला. दस्ता लिहावं की काय लिहावं? “मूठ लिहा,” मी म्हणाले. ‘मूठ लाकडी, तांबूस’ असं त्यानं लिहिलं. मग माझा जबाब हवा म्हणाला आणि अंगठ्यासाठी शाईची डबी पुढं केली. मी डबी बाजूला सारून टाक घेतला आणि अर्धं पान माझ्या हातानं लिहून दिलं. कारकुनानं लिहिलेल्या त्या कागदावर मराठीच्या नऊ चुका होत्या. मी त्या सांगितल्या नाहीत. चार वर्षांच्या सरावाचा एवढा तरी उपयोग झाला.

साहेबांनी जबाब वाचला. “शिक्षण किती?”

“सातवी पास.”

“पुढं काही?”

मी मामंजींकडं पाहिलं. मामंजी छताचा पंखा बघत होते. तो बंद होता.

रिव्हॉल्वर परत देताना साहेब म्हणाले, “आता तांबूस लिहिलंय. पुढच्या तपासणीला काळी मूठ आणलीत तर पुन्हा जमा करावं लागेल. ध्यानात ठेवा.”

परतीच्या गाडीत रिव्हॉल्वर मामंजींच्या मांडीवर होतं, रुमालात. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “सूनबाई, तू न्हाय आलीस तर पिस्तूल गेलंच व्हतं.” मला वाटलं, आता सहीचं बोलतील. त्यांनी सहीचंच काढलं. “पर आता ही मूठ दर साली तुलाच पुसावी लागंल. तांबूस राह्यली पायजे. तू धाराशिवला जाऊन बसलीस तर कसं व्हायचं?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे रिव्हॉल्वर गेलं तरी मी जायचं नाही आणि परत मिळालं तरी मी जायचं नाही.

“मग कुंकू लावू नका,” मी म्हणाले. गाडीत, पदर सरकलेला, चार माणसांत.

“खंडेनवमीला शस्त्राला कुंकू न्हाय?” मामंजी म्हणाले. “आमच्या घरात आसं कधी झालं न्हाय.” यजमान खिडकीतून बाहेर बघू लागले. बाहेर नुसता माळ होता.

पुढचे दिवस मी कामं केली आणि बोलले नाही. अर्ज खणात होता. शेवटची तारीख दसऱ्यानंतर चारच दिवसांनी होती, आणि शब्द मोडला असं मामंजींना तोंडावर सांगायची तयारी मी रोज दुपारी करत होते.

खंडेनवमीला पाट मांडला. विळे, कोयता, फाळ. मी माझी मशीन पुसून शेजारी ठेवली, पेचकस तिच्यावर. मध्ये रिव्हॉल्वर, तांबूस मुठीचं. मामंजी सोवळं नेसून बसले. विळ्यांना हळदकुंकू झालं, फाळाला झालं. मशीनलाही झालं, पेचकसालाही एक बोट लागलं. मग त्यांनी तूप घेतलं, कुंकू घेतलं, आणि हात मुठीपर्यंत नेला. तिथं थांबले. नक्षीकडं बघत राहिले. मीही बघत होते.

“एक सुपारी आन,” ते म्हणाले.

मी सुपारी दिली. त्यांनी ती रिव्हॉल्वरसमोर पानावर ठेवली आणि गंध, हळद, कुंकू, तूप, सगळं त्या सुपारीला वाहिलं. मुठीला बोट लावलं नाही. नमस्कार करून उठता उठता, माझ्याकडं न बघता म्हणाले, “तो कागद कुठं हाय तुजा?”

मी पळत जाऊन आणला. त्यांनी तिथंच मांडीवर ठेवून मोडीत सही केली. हात धुतलेला नव्हता, त्यामुळं सहीच्या शेजारी त्यांच्या बोटाचं लाल, तुपकट कुंकू उमटलं. यजमान म्हणाले, अर्ज खराब झाला, पूस की जरा. सहज निघालं असतं. असले डाग कसे काढायचे हे माझ्याइतकं त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी ते पुसलं नाही.